एमएसआय एमपीजी ए१०००जी पीसीआयई५: पुण्याच्या विजेवर चालवून पाहिलेला पॉवर सप्लाय

एमएसआय कंपनीचा एमपीजी ए१०००जी पीसीआयई५ हा हजार वॅटचा पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागेल त्या रूपात पुरवणारा डबा, महागड्या गेमिंग संगणकासाठी घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराला अटी आहेत, आणि त्या अटींचा संबंध खोक्यातल्या वस्तूशी कमी आणि ती ज्या घरात बसवायची त्या घराच्या वायरिंगशी अधिक आहे. ग्राफिक्स कार्डावर लाखभर रुपये खर्च करणारा माणूस आठवडाभर कार्डांची तुलना करतो, आणि पॉवर सप्लायची वेळ आली की दुकानदार पुढे करील तो एसएमपीएस (पॉवर सप्लायचेच दुकानातले नाव) उचलतो. किंवा उलट टोकाला जाऊन, जितके वॅट जास्त तितकी यंत्राला सुरक्षा, अशा समजुतीने गरजेच्या दुप्पट क्षमतेचा घेऊन येतो. या दोन्ही प्रकारांत पैसे वाया जातात, म्हणून या परीक्षणात वस्तूइतकेच लक्ष मी निवडीच्या हिशेबाकडे दिले आहे.

ज्या यंत्रात हा पॉवर सप्लाय बसवला आहे ते कोथरूडमधल्या आमच्या सदनिकेत आहे. दिवसा त्यावर माझे व्हिडिओ संपादन चालते आणि रात्री पुतण्याचे खेळ. त्यात एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर, एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०८० हे कार्ड, दोन एसएसडी, पाण्यावर चालणारा कूलर आणि कॅबिनेटचे पंखे आहेत. आरटीएक्स ५०८० चा कंपनीने जाहीर केलेला भार ३६० वॅट आहे. या प्रोसेसरवर १२० वॅट लिहिलेले असले तरी त्याची सॉकेटवरची कमाल मर्यादा १६२ वॅट आहे, आणि हिशेब नेहमी या दुसऱ्या आकड्याने करावा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंप, पंखे आणि यूएसबीला लटकवलेल्या वस्तू यांसाठी ८० वॅट धरले, तर सगळी बेरीज ६०० वॅटच्या आसपास येते. एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी ८५० वॅटचा पुरवठा सुचवते, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे. मग हजार वॅटचा का घेतला? पुढच्या पिढीचे कार्ड याच पुरवठ्यावर चालावे ही एक अपेक्षा होती आणि ८५० व १००० वॅटमधला किमतीचा फरक फार नव्हता, एवढीच दोन कारणे. आरटीएक्स ५०९० घेणाऱ्याचे गणित वेगळे आहे. ते कार्ड एकटेच ५७५ वॅट मागते, कंपनी त्यासाठी हजार वॅट सुचवते, आणि सोबतीला इंटेलचा कोअर आय९ १४९००के असेल तर त्याचे २५३ वॅट त्यात मिळवावे लागतात. त्या जोडीला १२०० वॅट घेणाऱ्याला मी हसणार नाही. आरटीएक्स ५०७० टीआय म्हणजे ३०० वॅटच्या कार्डासाठी मात्र १२०० वॅटचा पुरवठा विकणारा दुकानदार आपले भले पाहत नसून स्वतःचे पाहत असतो.

वॅटच्या बेरजेपलीकडचा खरा प्रश्न क्षणिक उसळ्यांचा आहे. ग्राफिक्स कार्डाचा सरासरी भार ३५० वॅट असला तरी मिलिसेकंदाच्या छोट्याशा भागापुरता तो त्याच्या कितीतरी वर जाऊन पुन्हा खाली येतो. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डे आली, तेव्हा कागदावर भरपूर क्षमता असलेले पुरवठेसुद्धा खेळ ऐन रंगात आला असताना अचानक बंद पडत असल्याच्या तक्रारी जगभर झाल्या, त्या याच कारणाने: उसळी आली, पुरवठ्याच्या संरक्षक यंत्रणेला तो अतिभार वाटला आणि तिने वीज तोडली. त्यानंतर २०२२ च्या फेब्रुवारीत इंटेलने एटीएक्स ३.० हे मानक आणले. ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा नवा सोळा-पिन कनेक्टर असलेल्या ४५० वॅटच्या वरच्या पुरवठ्याने आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सोसला पाहिजे, अशी अट त्यात घालण्यात आली. म्हणजे हजार वॅटच्या पुरवठ्याने त्या क्षणापुरते दोन हजार वॅट दिले पाहिजेत आणि बंद पडता कामा नये. प्रस्तुत पुरवठा या मानकानुसार बनवलेला आहे, आणि जुन्या मानकाचा पण जास्त वॅटचा पुरवठा अन् नव्या मानकाचा पण कमी वॅटचा पुरवठा यांत निवड करायची वेळ आली तर मी दुसऱ्याकडे झुकेन. आमच्याकडे खेळ सुरू असताना किंवा रेंडरिंगच्या मध्येच यंत्र आपोआप बंद पडण्याचा प्रकार झालेला नाही. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायच्या साध्या वीजमापकावर खेळताना ५०० ते ५५० वॅटचा आकडा दिसतो, म्हणजे पुरवठा आपल्या क्षमतेच्या निम्म्यावर चालतो; कार्यक्षमता, म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी यंत्रापर्यंत पोचणारा वाटा, सर्वांत चांगली असते ती याच पट्ट्यात.

आता ज्या एका भागावर सर्वाधिक लक्ष द्यावे त्या सोळा-पिन कनेक्टरविषयी. जुन्या आठ-पिन कनेक्टरवर १५० वॅटची मर्यादा होती आणि त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना होत्या, म्हणजे प्रत्येक पिनमधून सुमारे ४.२ अँपिअर प्रवाह जात असे. नव्या कनेक्टरमध्ये आकाराने लहान अशा सहा पिनांमधून ६०० वॅट नेण्याची परवानगी आहे. ६०० भागिले १२ म्हणजे ५० अँपिअर, आणि ते सहा पिनांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला ८.३ अँपिअर येतात. या पिनांची मान्य मर्यादा ९.५ अँपिअरच्या आसपास आहे. जुन्या कनेक्टरमध्ये भरपूर ऐसपैस जागा होती. इथे ती जवळजवळ संपली आहे. एखादी पिन नीट न टेकल्यामुळे तिच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्या पाचांवर गेला तर काय होईल, हे सांगायला इलेक्ट्रिकल इंजिनिअरची गरज नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यानंतर काही आठवड्यांतच कनेक्टर वितळल्याची छायाचित्रे फिरू लागली. त्यानंतर या कनेक्टरची १२व्ही-२×६ ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यात वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब आणि संकेत देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या आहेत, जेणेकरून कनेक्टर पूर्ण आत गेल्याशिवाय कार्डाला वीज मागताच येऊ नये. आरटीएक्स ५० मालिकेतल्या मोठ्या कार्डांवर हेच सुधारित सॉकेट आहे. ही सुधारणा सॉकेटमधली आहे, केबलमधली नाही, त्यामुळे जुनी चांगली केबल त्यात चालते. नव्या केबलच्या नावाखाली जादा पैसे मागणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

एमएसआयने या ठिकाणी केलेली युक्ती साधी आहे आणि म्हणूनच मला आवडली. केबलच्या कनेक्टरचा पुढचा भाग त्यांनी पिवळ्या रंगाचा ठेवला आहे. कनेक्टर पूर्ण बसला की पिवळे दिसेनासे होते. दिसत असेल तर अजून दाबायचे. अंधाऱ्या कॅबिनेटमध्ये, एका हातात मोबाइलचा दिवा धरून, तीन स्लॉट जाडीच्या कार्डाखाली बोट घालताना कान ‘कट्’ आवाजाच्या प्रतीक्षेत असतात आणि तो आवाज पुष्कळदा येतच नाही. अशा वेळी रंगाची खूण खात्रीची वाटते. यापुढची काळजी मात्र आपली आहे. कनेक्टरपासून निदान ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवावी आणि त्यानंतरच वळवावी. कॅबिनेटची काच बंद करताना केबल दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, असे समजून ते बदलावे. यंत्र दाखवायला सुंदर दिसावे म्हणून मधे लावायचे काटकोनी जोड आणि रंगीत विस्तारक केबली मी या जागी अजिबात सुचवणार नाही, कारण प्रत्येक जोड म्हणजे नीट न टेकण्याची आणखी एक शक्यता असते. आरटीएक्स ५०८० च्या ३६० वॅटला प्रत्येक पिनवर ५ अँपिअर येतात, त्यामुळे आमच्या यंत्रात पुरेशी मोकळीक आहे. ५०९० वाल्यांनी मात्र कनेक्टर बसवताना घाई करू नये आणि काही दिवसांनी यंत्र बंद करून तो पुन्हा एकदा पाहावा. प्रत्येक पिनमधून किती प्रवाह जात आहे हे दाखवणारी सोय या पुरवठ्यात नाही. या वर्गात ती अपेक्षितही नाही, पण ५७५ वॅटच्या कार्डांच्या काळात ती असायला हवी, असे माझे मत आहे.

खोक्यावरच्या सोनेरी बिल्ल्याविषयी थोडक्यात. ८० प्लस गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असल्यामुळे हाच पुरवठा एक-दोन टक्के अधिक कार्यक्षम चालतो. प्लॅटिनम या वरच्या श्रेणीचा घेतला तर निम्म्या भाराला आणखी दोनेक टक्के मिळतात. ५०० वॅटचा भार रोज चार तास वर्षभर चालवला तर गोल्ड आणि प्लॅटिनममधला फरक वर्षाला सुमारे १७ युनिटांचा होतो, आणि युनिटला १५ रुपये धरले तरी तो अडीचशे रुपयांच्या आसपासच राहतो. प्लॅटिनमसाठी चार-पाच हजार जादा मोजणाऱ्याने ते बिलातून वसूल होतील या आशेवर राहू नये. शिवाय हा बिल्ला फक्त कार्यक्षमतेचा आहे, आवाज, व्होल्टेजची स्थिरता किंवा संरक्षक यंत्रणा यांविषयी तो काहीही सांगत नाही, आणि त्याची चाचणी होते ती साधारण २३ अंश तापमानाच्या प्रयोगशाळेत. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेकडच्या खोलीत बसून खेळणाऱ्या पुणेकराने ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सायबेनेटिक्स ही दुसरी संस्था कार्यक्षमता आणि आवाज यांना वेगवेगळी श्रेणी देते. ती पाहायला मिळाली तर अवश्य पाहावी.

आता वर म्हटलेल्या अटींकडे वळतो.

पहिली अट अर्थिंगची. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, आणि खरे सांगायचे तर कित्येक नव्या इमारतींतही, तीन छिद्रांचे सॉकेट असते पण वरच्या मोठ्या छिद्रामागे तार नसते, किंवा असली तरी ती कुठेच पोचलेली नसते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या आवरणाकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर कॅबिनेटचे आवरण फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, टेस्टरचा दिवा मिणमिणतो, आणि लोक म्हणतात की एसएमपीएस खराब आहे, बदलून द्या. दुकानदार बदलून देतो आणि नव्या पुरवठ्यालाही मुंग्या येतात. दोष पुरवठ्यात नसतोच. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दहा-वीस किंवा त्याहून अधिक दिसत असेल तर वायरमनला बोलवावे, आणि फेज ते अर्थ मोजताना २३० च्या जवळपास काही दिसतच नसेल तर अर्थिंग नाही असेच समजावे. पाण्याच्या नळाला तार बांधून अर्थिंग करून देतो म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवावे. आता बहुतेक ठिकाणी नळ प्लास्टिकचे असतात, आणि लोखंडी असले तरी ती जागा अर्थिंगची नव्हे.

सॉकेटचाही विचार हवा. हजार वॅटचा पुरवठा पूर्ण भाराला भिंतीतून सुमारे ११०० वॅट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टला पाच अँपिअरच्या थोडा आत. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला हे चालते, पण त्याच सॉकेटवर एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर मॉनिटर, स्पीकर, राउटर आणि हिवाळ्यात पायाशी हीटर लावला की गणित फिसकटते. संगणकाला भिंतीवरचे स्वतंत्र सॉकेट द्यावे. नवी सदनिका घेणाऱ्याने वायरिंग चालू असतानाच टेबलाजवळ १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला तर पुढे भिंत फोडावी लागत नाही.

दुसरी अट वीज जाण्याची. पुण्यात वीज वारंवार जाते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वळिवाच्या पावसात झाडाची फांदी तारांवर पडते, काही भागांत गुरुवारी महावितरणचे देखभालीचे काम निघते, आणि या दोन्हींपेक्षा त्रासदायक म्हणजे वीज पूर्ण न जाता डोळ्याची पापणी लवावी तशी क्षणभर जाऊन परत येते. पुरवठ्यातला मुख्य कपॅसिटर असा छोटा खंड स्वतःच्या साठ्यावर भरून काढतो, पण तो काळ फार थोडा असतो. मानकांत १२ आणि १७ मिलिसेकंद हे आकडे येतात, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. एका आवर्तनाएवढासुद्धा धीर त्यात नाही, हे कळले की यूपीएसचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

इथे बहुतेक घरांत जुना यूपीएस आडवा येतो. कार्यालयीन संगणकासाठी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतो. त्यावर गेमिंग संगणक लावला तर वीज असेपर्यंत सगळे छान चालते आणि वीज जाताक्षणी यूपीएस ओरडून बंद पडतो, म्हणजे ज्या एका क्षणासाठी तो घेतला त्याच क्षणी तो कामाला येत नाही. आमच्या ५५० वॅटच्या भाराला मी १५०० व्हीए आणि ९०० वॅटचा, शुद्ध साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारा यूपीएस लावला आहे. साइन वेव्हचा आग्रह यासाठी की आजच्या सर्व चांगल्या पुरवठ्यांत पॉवर फॅक्टर सुधारणारे सक्रिय सर्किट असते आणि स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह काही पुरवठ्यांना मानवत नाही. बॅटरीवर जाताना यंत्र बंद पडते किंवा गुणगुणते. यूपीएसने दिलेली पाच-दहा मिनिटे काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी असतात, सामना जिंकण्यासाठी नव्हे, हे पुतण्याला पटवणे हा या संपूर्ण खरेदीतला सर्वांत अवघड भाग होता.

घरचा इन्व्हर्टर असलेल्यांनी त्याच्या मागचे बटण पाहावे. बहुतेकांवर यूपीएस मोड आणि इको किंवा नॉर्मल मोड असे दोन पर्याय असतात. इको मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ पुरवठ्याच्या धीरापेक्षा जास्त असतो आणि संगणक हमखास रीस्टार्ट होतो; यूपीएस मोडवर तो बहुधा तग धरतो. तरीही पंखे, दिवे आणि वर गेमिंग संगणक असा भार घरगुती इन्व्हर्टरवर टाकू नये. बाणेर-वाकडकडच्या सोसायट्यांत जनरेटरचा बॅकअप असतो, पण तो सुरू व्हायला काही सेकंद जातात आणि प्रत्येक सदनिकेला ठरावीक भारच मिळतो. त्यामुळे जनरेटर असला तरी यूपीएसची गरज संपत नाही, आणि जनरेटरवर असताना खेळ बंद ठेवलेला शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही बरा.

स्टॅबिलायझरची मात्र गरज नाही. हा पुरवठा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे व्होल्टेज १९० पर्यंत उतरले तरी त्याचे काही बिघडत नाही, उलट रिलेच्या स्टॅबिलायझरची टकटक मधे नवा खंड निर्माण करते. धोका आहे तो वरच्या बाजूला. थ्री-फेज वितरणात कुठे न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकते, आणि तसे झाले की फ्रिज, टीव्ही, राउटर अशा वस्तू एकामागोमाग जळतात. स्पाइक गार्ड या नावाने मिळणारा बोर्ड मायक्रोसेकंदांच्या उसळ्या शोषतो. मिनिटभर टिकलेले चढे व्होल्टेज त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी मर्यादेबाहेर व्होल्टेज गेले की घराची वीज तोडणारे उपकरण डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत, एमसीबीशेजारी बसवता येते. ज्याने ग्राफिक्स कार्डावर लाख रुपये घातले आहेत, त्याने ते बसवावे.

वस्तूकडे परत येतो. लांबी १५० मिलिमीटर असल्यामुळे हा पुरवठा मध्यम कॅबिनेटमध्येही सहज बसतो आणि हार्डडिस्कच्या पिंजऱ्यासमोर केबली लपवायला जागा उरते. हजार वॅटचे काही पुरवठे १८० मिलिमीटरचे असतात आणि तिथे ही जागा संपते. सर्व केबली सुट्या होणाऱ्या आहेत, त्यामुळे लागतील तेवढ्याच जोडायच्या. पंखा १३५ मिलिमीटरचा, द्रवाच्या बेअरिंगचा आहे, आणि हलक्या भाराला तो फिरतच नाही. संपादन किंवा लिखाण चालू असताना पुरवठ्याचा आवाज शून्य असतो. खेळताना पंखा सुरू होतो, पण कार्डाच्या तीन पंख्यांपुढे तो ऐकू येत नाही. रेंडरिंगमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण भाराला असताना मात्र रात्रीच्या शांततेत त्याचे अस्तित्व जाणवते. ज्यांना त्या वेळीही पूर्ण शांतता हवी त्यांनी आवाजाची श्रेणी पाहून वरच्या वर्गातला पुरवठा घ्यावा; प्लॅटिनमवर खर्च करण्याचे मला पटणारे कारण हेच, वीजबिल नव्हे.

उष्णतेबद्दल एवढेच, की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे ढोबळमानाने निम्मे होते. त्यामुळे पंख्याची बाजू खाली आणि कॅबिनेटच्या तळाला जाळी, अशी रचना असेल तर ती जाळी धुऊन काढणे ही ऐच्छिक बाब राहत नाही. आमच्या रस्त्यावर गेली काही वर्षे कुठले ना कुठले खोदकाम चालू असते आणि जाळीवर धुळीचा थर पाहता पाहता बसतो. कॅबिनेट गालिच्यावर किंवा सतरंजीवर ठेवत असाल तर पंखा वरच्या बाजूला येईल असा पुरवठा बसवावा.

खरेदीबाबत. हजार वॅटचे, गोल्ड दर्जाचे आणि नव्या मानकाचे पुरवठे साधारण पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान मिळतात, त्यात १८ टक्के जीएसटी आला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक चक्कर मारण्यासारखी आहे, मात्र तिथे गाडी नेण्याचे धाडस करू नये. मेट्रोने मंडईला उतरून चालत जावे. अर्थिंग तपासायचा सॉकेट टेस्टर, चांगल्या जाडीची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, या गोष्टी तिथे घासाघीस करून घेता येतात. खुद्द पॉवर सप्लाय मात्र ज्या दुकानात अनुक्रमांकासह जीएसटीचे बिल मिळेल तिथूनच घ्यावा, मग ते दुकान रस्त्यावरचे असो की ऑनलाइन. दहा वर्षांची वॉरंटी ही या वस्तूची मोठी जमेची बाजू आहे, आणि बिलाशिवाय तिला कागदाइतकीही किंमत नाही. थर्मल कागदावरच्या पावतीची शाई वर्षभरात उडते, म्हणून तिचा फोटो लगेच काढून ठेवावा. बिल नको असेल तर हजार रुपये कमी करतो, असे सांगणाऱ्या विक्रेत्याशी माझीही गाठ पडली आहे. दहा वर्षांचे आश्वासन हजार रुपयांना विकण्याचा तो प्रस्ताव होता. परदेशातून नातेवाइकांकरवी आणलेल्या पुरवठ्याची वॉरंटी इथे चालेल की नाही, हे आधी विचारून घ्यावे, आणि त्याच्या वायरीचा प्लग आपल्या सॉकेटचा नसेल तर प्रवासी अडॅप्टर न लावता योग्य जाडीची भारतीय प्लगची वायर घ्यावी, कारण अशा अडॅप्टरपैकी कित्येकांत अर्थिंगची पिन दिखाऊ असते.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा किंवा दीड-दोन हजारांत ‘७५० वॅट’ असा कागद चिकटवलेला एसएमपीएस या वर्गाच्या यंत्रात लावू नये. फसवणूक ओळखायची असेल तर लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचावा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे हजार वॅटच्या पुरवठ्यावर १२ व्होल्टपुढे ८३ अँपिअरच्या जवळचा आकडा असायला हवा आणि ७५० वॅटवर ६२ च्या जवळचा. तिथे २५ अँपिअर लिहिले असतील तर तो पुरवठा फार तर ३०० वॅटचा आहे, मग वर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेले असो. सेकंडहँड पुरवठाही मी घेणार नाही. जुने कार्ड चालवून पाहता येते, जुन्या कपॅसिटरचे उरलेले आयुष्य विकणाऱ्यालाही माहीत नसते.

पूर्वीच्या पुरवठ्याच्या केबली कॅबिनेटमध्ये मागे नीट बांधलेल्या आहेत म्हणून तशाच ठेवायच्या आणि नुसता डबा बदलायचा, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. केबलीचे मदरबोर्डकडचे टोक सर्व कंपन्यांचे सारखे असते. पुरवठ्याकडचे टोक कोणत्या पिनमध्ये किती व्होल्ट देते याला मानक नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते वेगळे असू शकते. दुसऱ्या पुरवठ्याची केबल सहज आत बसते आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन एसएसडी त्याच क्षणी मरते. या पुरवठ्याच्या उरलेल्या केबली त्याच्यासोबत आलेल्या पिशवीत घालून तिच्यावर मॉडेलचे नाव मार्करने लिहून ठेवावे, आणि जुन्या पुरवठ्याबरोबर त्याच्या सगळ्या केबलीही घराबाहेर काढाव्यात.